आधी देवघेवीचा करार, मग सॉफ्टवेअर

ग्रंथालयांच्या सहकार्याविषयी आपल्याकडे एक मत इतके रुजले आहे की त्याला कोणी प्रश्नच विचारत नाही. ग्रंथालये एकमेकांपासून तुटलेली आहेत, कारण प्रत्येकाची संगणकप्रणाली वेगळी आहे. सगळ्यांना एकच सॉफ्टवेअर द्यावे, सगळ्यांची माहिती एका सर्व्हरवर ठेवावी, खरेदी एका निविदेने करावी. मग सहकार्य आपोआप घडेल आणि वर पैसाही वाचेल. चर्चासत्रांतल्या निबंधांत, शासनाकडे जाणाऱ्या प्रस्तावांत आणि महाविद्यालयांच्या ग्रंथालय समित्यांच्या टिपणांत हेच फिरून फिरून येते. ग्रंथालय-समूहाचे, म्हणजे कन्सोर्शियमचे, नियोजन म्हणजे तंत्रज्ञानाची निवड; ती झाली की उरते फक्त प्रशिक्षण.

या मतातला क्रमच उलटा आहे, असे माझे म्हणणे आहे. ग्रंथालयांना जोडते ती एकमेकांना पुस्तक देण्याची बांधिलकी, नोंदी कशा करायच्या याविषयीचे एकमत, आणि खर्च, मालकी व निर्णयाचा अधिकार यांचे आधी ठरलेले नियम. हे ठरलेले असेल तर सॉफ्टवेअर बदलले तरी समूह टिकतो. ठरलेले नसेल तर एकाच सॉफ्टवेअरवरची हजार ग्रंथालये ही हजार एकटी ग्रंथालयेच राहतात.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडला तर खंडनाला अर्थ राहत नाही, म्हणून आधी त्याची खरी ताकद पाहू. त्याचा सर्वांत भक्कम पुरावा अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला आहे. तिथल्या महाविद्यालयांनी १९६७ मध्ये मिळून एक केंद्र स्थापन केले, ओहायो कॉलेज लायब्ररी सेंटर. आज जगभर ‘ओसीएलसी’ म्हणून ओळखली जाणारी संस्था ती हीच. फ्रेडरिक किल्गोर हे तिचे पहिले प्रमुख. २६ ऑगस्ट १९७१ रोजी ओहायो विद्यापीठाच्या ऑल्डन ग्रंथालयात सामायिक संगणकीय तालिकीकरण सुरू झाले आणि पहिल्याच दिवशी १३३ पुस्तकांच्या नोंदी झाल्या. एका ग्रंथालयाने पुस्तकाची नोंद केली की दुसऱ्याने ती नव्याने करायची नाही, उचलायची. पहिल्याच वर्षी त्या ग्रंथालयाचे तालिकीकरण एक-तृतीयांशाने वाढले आणि कर्मचाऱ्यांच्या १७ जागा कमी करता आल्या. याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा, असे पूर्वपक्ष विचारील.

दुसरा पुरावा आपल्या घरचा आणि ताजा आहे. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेला मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके आणि ६,३०० हून अधिक शासकीय संस्था. राबवणूक गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटकडे. जिल्ह्याच्या ठिकाणच्या शासकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला जे संशोधन कालपर्यंत दिसत नव्हते ते आज दिसते, ही मोठी गोष्ट आहे आणि तिचे मोल मला कमी करायचे नाही. एकत्र खरेदीचे सामर्थ्य खरेच असते.

पण हे दोन पुरावे नीट तपासले की ते वेगळेच काही सांगू लागतात.

ओहायोची गोष्ट १९७१ पासून सांगणे म्हणजे ती मध्यापासून सांगणे आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपल्या नोंदींची छापील कार्डे इतर ग्रंथालयांना विकायला १९०१ मध्ये सुरुवात केली. एकाने नोंद करायची आणि सर्वांनी वापरायची, हे तत्त्व संगणकाच्या ७० वर्षे आधी टपालाने चालत होते. आंतरग्रंथालयीन देवघेवीची पहिली राष्ट्रीय नियमावली अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने १९१७ मध्ये केली : पुस्तक कोणी मागायचे, टपालखर्च कोणी द्यायचा, हरवले तर जबाबदारी कोणाची. १९६७ मध्ये इंग्रजी जगासाठी तालिकीकरणाची समान नियमावली आली. त्याच सुमारास लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्हरम यांच्या नेतृत्वाखाली ‘मार्क’ हा यंत्राला वाचता येणारा नोंदीचा आराखडा तयार झाला. किल्गोर यांचा संगणक या साऱ्याच्या खांद्यावर उभा होता. ऑल्डन ग्रंथालयात त्या दिवशी उचललेली नोंद विश्वासाने उचलता आली, कारण ती कोणत्या नियमाने झाली आहे हे सर्वांना ठाऊक होते. एकमत आधी आले, यंत्राने त्याला वेग दिला. आपण यंत्र पाहिले आणि एकमत पाहायचे विसरलो.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. त्या केंद्राने आपली उद्दिष्टे दोन सांगितली होती : ग्रंथालयांतले साहित्य विद्यार्थी-संशोधकांना अधिक उपलब्ध व्हावे, आणि दर विद्यार्थ्यामागचा ग्रंथालय-खर्च ज्या वेगाने वाढत होता तो वेग कमी व्हावा. खर्च कमी व्हावा असे म्हटलेले नव्हते. वाढीचा वेग कमी व्हावा, एवढेच. आपल्याकडे दुसरे उद्दिष्ट पहिले झाले आणि तेही वाढवून सांगितले गेले. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली अकरा हजारांहून अधिक ग्रंथालये आहेत आणि त्यांतली बरीच ‘क’ आणि ‘ड’ या लहान ग्रंथालयांच्या वर्गांत मोडतात. ‘ड’ वर्गातल्या ग्रंथालयात माणूसच एक असतो. ग्रंथपाल तोच, लिपिक तोच, झाडलोट करणाराही बहुधा तोच. तिथे १७ जागा कमी करण्याचे गणित कुठे लावणार? अशा ग्रंथालयाला समूहात आणायचे तर पहिली काही वर्षे खर्च वाढेलच : नोंदी कराव्या लागतील, माणूस शिकवावा लागेल, पुस्तकांची ने-आण करावी लागेल. बचतीचे आश्वासन देऊन हा प्रकल्प मंजूर करून घेतला, तर दुसऱ्या वर्षी हिशेब मागणाऱ्याला उत्तर देता येणार नाही आणि प्रकल्प तिथेच थांबेल. वाचकाला आज न मिळणारे पुस्तक मिळेल, हे खरे कारण. ते सांगून पैसे मागायला आपण संकोचू नये.

आता आपल्या देशातला अनुभव. एका सॉफ्टवेअरने ग्रंथालये जोडली जातात, हा सिद्धांत आपण पाव शतकापूर्वीच कसोटीला लावला आहे. इन्फ्लिबनेटने २००० मध्ये ‘सोल’ हे ग्रंथालय-सॉफ्टवेअर आणले आणि २००९ मध्ये त्याची दुसरी, ‘मार्क’ आणि युनिकोड मानणारी आवृत्ती दिली. देशभरच्या महाविद्यालयांनी ते स्वस्तात घेतले आणि ते चांगले चालते. सार्वजनिक व शासकीय ग्रंथालयांसाठी केंद्र सरकारच्या एनआयसीचे ‘ई-ग्रंथालय’ आहे. पण एकाच तालुक्यातली, ‘सोल’ वापरणारी दोन महाविद्यालये घ्या. एकातल्या विद्यार्थ्याला दुसऱ्यातले पुस्तक घरबसल्या दिसते का, मागता येते का, मिळते का? बहुतेक ठिकाणी तिन्हींचे उत्तर ‘नाही’ असेच येईल. हा दोष सॉफ्टवेअरचा नाही. त्या दोन महाविद्यालयांनी एकमेकांना पुस्तक देण्याचे कधी ठरवलेच नाही.

याहून बोलका धडा नव्वदच्या दशकातल्या शहरी ग्रंथालय-जाळ्यांचा आहे. केंद्र सरकारच्या ‘निसॅट’ या कार्यक्रमाने मोठ्या शहरांत अशी जाळी उभी करायला हात दिला. कोलकात्यात कॅलिबनेट, मुंबईत जुहूच्या एनसीएसटीच्या आधाराने बोनेट, पुण्यात विद्यापीठ, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि सी-डॅक यांच्या सहकार्याने पुणेनेट. तंत्रज्ञानाच्या दृष्टीने पुण्या-मुंबईची ही जाळी देशात कोणाहून मागे नव्हती; सी-डॅक आणि एनसीएसटी पाठीशी असताना संगणक जाणणाऱ्यांची वाण कशी असेल? तरी आज मुंबईचा किंवा पुण्याचा वाचक त्यांच्यामार्फत पुस्तक मागवत नाही. दिल्लीचे डेलनेट मात्र चालू आहे. इंडिया इंटरनॅशनल सेंटरच्या ग्रंथालयात १९८८ मध्ये ते सुरू झाले आणि आरंभी त्यालाही निसॅटचाच आधार होता. पण १९९२ मध्ये ते नोंदणीकृत संस्था झाले. सभासदत्व, वार्षिक वर्गणी, संयुक्त सूचीत नोंदी देण्याचे कर्तव्य आणि आंतरग्रंथालयीन देवघेव, हा त्याच्या कामाचा गाभा झाला. दिल्लीबाहेरचीही ग्रंथालये त्यात आली. अनुदान आटले तरी वर्गणी भरणारा सभासद राहिला, कारण वर्गणीच्या बदल्यात त्याच्या वाचकाला पुस्तक मिळत होते. एकाच पेरणीतून हे रोप जगले आणि पुण्या-मुंबईची का सुकली, याचे माझ्या मते हेच मुख्य कारण आहे.

याच मुद्द्याचे सर्वांत समाधानकारक उदाहरण अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात सापडते. १९९९ मध्ये ‘वाय-टू-के’च्या भीतीने तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयांना जुन्या संगणकप्रणाली बदलणे भाग होते. तो पैसा एकेका ग्रंथालयाला वाटून टाकण्याऐवजी राज्याच्या ग्रंथालय सेवेने ‘पाइन्स’ नावाचा समूह उभा केला. सदस्य ग्रंथालयांसाठी एकच वाचक-कार्ड, एकच सूची, देवघेवीचे समान नियम. ग्रामीण परगण्यातल्या लहानशा वाचनालयाचा सभासद दूरच्या गावातले पुस्तक मागवू शकतो आणि जवळच्या कोणत्याही शाखेत परत करू शकतो. नियम ठरवायला सदस्य ग्रंथालयांच्या संचालकांनी निवडलेली समिती. विकत घेतलेले सॉफ्टवेअर एवढ्या मोठ्या सामायिक कारभाराला पुढे अपुरे पडू लागले. बाजारातही मनाजोगे काही मिळेना, तेव्हा २००४ मध्ये त्यांनी स्वतःच ते लिहायचे ठरवले. मोजक्या प्रोग्रॅमरांनी ‘एव्हरग्रीन’ तयार केले आणि ५ सप्टेंबर २००६ रोजी, सप्टेंबरच्या लांब सुट्टीनंतर ग्रंथालये उघडली तेव्हा, अडीचशेच्या आसपास ग्रंथालये नव्या प्रणालीवर होती.

ज्या कामाला मोठमोठ्या कंपन्या कचरतात ते एका राज्याच्या ग्रंथालय खात्याला दोन वर्षांत कसे जमले? आपल्याला नेमके काय हवे आहे हे त्यांना पक्के ठाऊक होते. पाच वर्षे समान नियमांनी देवघेव केल्यामुळे कोणता नियम कुठे अडतो, हे काउंटरवरच्या माणसाला माहीत होते. करार आधी होता. पहिले सॉफ्टवेअर गेले, दुसरे आले, करार तसाच राहिला. अटलांटाच्या परिसरातल्या काही मोठ्या ग्रंथालयांनी या समूहात येणे पसंत केले नाही. तरी पाइन्स उभा राहिला. सगळे आल्याशिवाय सुरूच करता येत नाही, असे म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे.

एव्हरग्रीन मुक्त सॉफ्टवेअर आहे आणि पुढे इंडियानात व कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातही ते गेले. यावरून काही जण म्हणतात की मुक्त सॉफ्टवेअर घ्या, प्रश्न मिटला. ही मूळ चुकीचीच दुसरी आवृत्ती आहे. ‘कोहा’ हे आज जगभर वापरले जाणारे मुक्त सॉफ्टवेअर न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ ग्रंथालय न्यासासाठी लिहिले गेले आणि जानेवारी २००० मध्ये तिथे सुरू झाले. पुढे त्याच देशात त्याच्या नावाच्या ट्रेडमार्कवरून वाद उभा राहिला. सॉफ्टवेअर फुकट असले तरी नाव कोणाचे, सांभाळ कोणाचा आणि सुधारणेचा पैसा कोणाचा, हे ठरवावेच लागते.

मराठी ग्रंथालयांच्या बाबतीत या चर्चेचा खरा कस नोंदीत लागतो, आणि मला सर्वांत जास्त काळजी याच भागाची आहे. संयुक्त सूची करताना यंत्राला एकच पुस्तक दोन ग्रंथालयांत आहे हे ओळखावे लागते. इंग्रजी जगात हे काम बरेचसे आयएसबीएन क्रमांकाने होते. भारतात हा क्रमांक देणारी संस्था १९८५ मध्ये सुरू झाली. त्याआधीच्या पावणेदोनशे वर्षांच्या मराठी ग्रंथमुद्रणाला हा क्रमांकच नाही. म्हणजे आपल्या जुन्या ग्रंथालयांचे जे खरे धन आहे, नाशिकच्या १८४० च्या सार्वजनिक वाचनालयात, १८४८ च्या पुणे नगर वाचन मंदिरात, कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिरात, ठाण्याच्या १८९३ च्या आणि मुंबईच्या १८९८ च्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जे आहे, ते ओळखायला यंत्राकडे फक्त लेखक, शीर्षक आणि वर्ष उरते.

आता वर्ष पाहा. जुन्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर शके १८५० छापलेले असते. एका ग्रंथपालाने १८५० असेच लिहिले, दुसऱ्याने हिशेब करून १९२८ लिहिले. यंत्राच्या लेखी ही ७८ वर्षांच्या अंतराने निघालेली दोन पुस्तके झाली. शीर्षक पाहा. १९६२ च्या लेखननियमांपूर्वीची पुस्तके अनुस्वारांनी भरलेली आहेत. वाचक ‘काही’ टंकतो. सूचीत ‘कांहीं’ आहे. शोध रिकामा येतो. एका ग्रंथालयाने मुखपृष्ठाबरहुकूम लिहिले, दुसऱ्याने आजच्या नियमाने. दोघेही आपल्या परीने बरोबर, पण दोन्ही नोंदी एकत्र आल्या की वाचक फसतो.

लेखकाचे नाव तर याहून अवघड. आरती प्रभू आणि चिं. त्र्यं. खानोलकर एकच. राम गणेश गडकरी, गोविंदाग्रज आणि बाळकराम एकच. विभावरी शिरूरकर, मालतीबाई बेडेकर आणि माहेरच्या बाळूताई खरे एकच. त्यात काही ग्रंथालयांनी रोमन लिपीत नोंदी केल्या. मग एकट्या शिरवाडकरांची किती स्पेलिंगे होतात ते पाहावे, आणि कुसुमाग्रज वेगळेच राहतात. शिवाय बऱ्याच ठिकाणच्या नोंदी युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेल्या आहेत. त्या नव्या प्रणालीत आणल्या की पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग उमटते. अशा नोंदी ‘संगणकीकरण पूर्ण’ या रकान्यात धरल्या गेलेल्या असतात, पण वाचकाच्या दृष्टीने त्या नाहीतच.

यातला एकही प्रश्न कोणते सॉफ्टवेअर घ्यावे याने सुटत नाही. शकाचे वर्ष कोणत्या रकान्यात, मूळ शीर्षकाबरोबर आजच्या लेखनाचे पर्यायी शीर्षक द्यायचे का, टोपणनाव आणि खरे नाव कसे जोडायचे, हे माणसांनी बसून ठरवायचे असते, लिहून ठेवायचे असते आणि त्यात बदल करण्याचा अधिकार कोणाला, हेही ठरवायचे असते. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ आणि पुढे १९३८ ते १९५० या काळातल्या मराठी पुस्तकांची ग्रंथसूची केली. आपल्या भाषेला लाभलेला तो फार मोठा वारसा आहे. त्या सूचीला पाया मानून मराठी लेखकनामांची आणि शीर्षकांची एक प्रमाण यादी उभी करणे, हे महाराष्ट्राच्या कोणत्याही ग्रंथालय-समूहाचे पहिले सामायिक काम असायला हवे. त्याला सर्व्हर लागत नाही. पाचसहा जाणत्या तालिकाकारांना पगार देऊन काही वर्षे एका जागी बसवावे लागते. हा खर्च कोणत्याही निविदेत दिसत नाही, म्हणूनच तो कधी होत नाही.

नोंद झाली की ती कोणाची, हा प्रश्न येतो. तो आधी सोडवला नाही तर काय होते, हे ओसीएलसीच्याच इतिहासात दिसते. ग्रंथालयांनी दशकानुदशके भरलेल्या नोंदींतून तिची जगव्यापी सूची झाली. २००८ च्या अखेरीस तिने त्या नोंदींच्या पुनर्वापरावर मर्यादा आणणारे धोरण जाहीर केले तेव्हा सभासद ग्रंथालयांतूनच मोठा विरोध झाला. पुढच्या वर्षी ते मागे घ्यावे लागले, आणि सभासदांशी चर्चा करून २०१० मध्ये नवे आणावे लागले. स्वीडनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०११ मध्ये नोंदींच्या अटींवरूनच तिच्याशी चाललेली बोलणी थांबवली. २०२२ मध्ये क्लॅरिव्हेट या कंपनीच्या नोंदी-वाटपाच्या प्रकल्पाविरुद्ध ओसीएलसी न्यायालयात गेली आणि तो प्रकल्प बंद झाला. ग्रंथालयांच्या सहकार्यातून जन्मलेली संस्था, तरी नोंदीच्या मालकीवरून वाद संपत नाहीत. मग जिथे सुरुवातच कंपनीच्या कराराने होते तिथे काय होईल?

वायव्य अमेरिकेतल्या ऑर्बिस कॅस्केड समूहाने २०१२ मध्ये एक्स लिब्रिस या कंपनीची प्रणाली निवडली आणि २०१३ ते २०१५ दरम्यान ३७ महाविद्यालयीन ग्रंथालये चार गटांत तिच्यावर आणली. हे काम कौतुकाने पाहावे असे आहे. पण २०१५ मध्ये एक्स लिब्रिस प्रोक्वेस्टने घेतली आणि २०२१ मध्ये प्रोक्वेस्ट क्लॅरिव्हेटने घेतली. ज्यांच्याशी करार केला ते मालक दहा वर्षांत दोनदा बदलले. त्याच क्लॅरिव्हेटने फेब्रुवारी २०२५ मध्ये ग्रंथालयांना पुस्तके कायमची विकत देणे थांबवत असल्याचे जाहीर केले. विरोध झाल्यावर मुदत २०२६ च्या मध्यापर्यंत वाढवली. कंपनीने नफा पाहू नये असे मी म्हणत नाही. पण समूहाने पहिल्या दिवशीच लिहून घ्यायला हवे की नोंदी आमच्या आहेत, त्या कोणत्याही दिवशी प्रमाण आराखड्यात पूर्णपणे परत मिळतील आणि बाहेर पडताना लागणाऱ्या मदतीचा दर आत्ताच ठरलेला असेल. बाहेर पडण्याची तरतूद नसलेला करार हा सहकार्याचा पाया होऊ शकत नाही.

‘सगळे एका सर्व्हरवर’ या आग्रहाची दुसरी बाजू २८ ऑक्टोबर २०२३ रोजी दिसली. त्या दिवशी ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला. तिची मुख्य सूची पुन्हा पाहता येऊ लागायला जानेवारी २०२४ उजाडले. पण फटका एकट्या ब्रिटिश लायब्ररीला बसला नाही. कायद्याने जमा होणारी डिजिटल प्रकाशने ब्रिटन-आयर्लंडमधली सहा ग्रंथालये मिळून सांभाळतात आणि त्यांची सामायिक यंत्रणा ब्रिटिश लायब्ररीकडे होती. ती बंद पडली तेव्हा ऑक्सफर्ड, केंब्रिज, एडिंबरा, ॲबरिस्टविथ आणि डब्लिन इथल्या वाचकांपुढेही तो संग्रह बंद झाला. सामायिक यंत्रणा करू नये, असा याचा अर्थ मी घेत नाही. केंद्र बंद पडले तर स्थानिक ग्रंथालयात देवघेव कशी चालेल, नोंदींची प्रत दुसरीकडे कुठे आहे, वाचकांची माहिती किती साठवायची आणि कधी पुसायची, हे आधी ठरलेले असावे, एवढाच.

‘एक राष्ट्र, एक वर्गणी’कडे पुन्हा वळतो. ही योजना खरेदीची आहे आणि खरेदी म्हणून उत्तम आहे. पण तिच्यामुळे ग्रंथालय-समूहांची गरज संपली, असे जे आता बोलले जाते ते पटणारे नाही. पहिल्या टप्प्यात खासगी महाविद्यालये नाहीत आणि सार्वजनिक वाचनालये तिच्या कक्षेतच येत नाहीत. तिच्यातली नियतकालिके मुख्यतः आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची. मराठीतले जुने मासिक, स्थानिक इतिहासाचे पुस्तक, एखाद्या संस्थेचा शतकसांवत्सरिक ग्रंथ कोणाकडे आहे, याचे उत्तर तिथे मिळणार नाही. ते शेजारच्या ग्रंथालयाच्या कपाटात असते आणि तिथून ते वाचकापर्यंत आणायचे काम समूहाचेच आहे. शास्त्रज्ञांनी हे फार आधी ओळखले. पुण्याची आयुका आणि मुंबईची टीआयएफआर ज्यात आहेत तो खगोलशास्त्रीय ग्रंथालयांचा ‘फोर्सा’ मंच १९८१ मध्ये सुरू झाला. इंटरनेट नसताना त्यांनी एकमेकांना लेखांच्या प्रती पाठवायला सुरुवात केली होती.

एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. आपली ग्रंथालये स्वयंसेवी संस्थांची, प्रत्येकीचे कार्यकारी मंडळ वेगळे, वर्गणी आणि अनामत वेगळी. अशा ठिकाणी करार होणार कसा? त्यापेक्षा शासनाने एक प्रणाली लादली तर निदान काही तरी घडेल. लादलेली असो वा स्वेच्छेने घेतलेली, नुसत्या प्रणालीतून काय घडते ते वर पाहिले : रकाने भरतात, पुस्तक हलत नाही. आणि अडचण वाटते तितकी मोठीही नाही. एका जिल्ह्यातल्या दहा ग्रंथालयांनी एवढेच ठरवावे : प्रत्येकाने आपल्या जुन्या मराठी पुस्तकांच्या नोंदी ठरलेल्या नियमाने करायच्या. कोणत्याही सदस्य ग्रंथालयाच्या वाचकाने मागितलेले पुस्तक त्याच्या ग्रंथालयाच्या जबाबदारीवर द्यायचे. अनामत मूळ ग्रंथालयाकडेच राहील. पुस्तक हरवले तर भरपाई ग्रंथालयाने ग्रंथालयाला द्यायची, वाचकाशी हिशेब त्याच्या ग्रंथालयाने करायचा. दुर्मिळ ग्रंथ बाहेर द्यायचा नाही, त्याच्या पानांची प्रत द्यायची. ने-आणीसाठी टपाल खात्याची १ मे २०२५ पासून सुरू झालेली ज्ञान पोस्ट सेवा आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, हा खर्च दहा ग्रंथालयांच्या समाईक निधीला जड नाही. सूची सुरुवातीला साध्या तक्त्यात असली तरी चालेल. नोंदी नियमाने केलेल्या असल्या की पुढे त्या कोहात, सोलमध्ये किंवा ई-ग्रंथालयात नेता येतात.

असा करार वर्षभर चालवला की सॉफ्टवेअर निवडण्याची वेळ येते, आणि तेव्हा निवडणाऱ्यांच्या हातात खरे प्रश्न असतात : किती पुस्तके मागितली गेली, किती मिळाली नाहीत, कोणत्या नावांवर शोध अडला, कोणत्या गावाला पुस्तक उशिरा पोहोचले. ग्रंथालय संचालनालयाने अनुदानाचा काही भाग अशा देवघेवीशी जोडावा आणि तपासणीच्या वेळी दाखल नोंदवहीबरोबर दुसऱ्या ग्रंथालयाला दिलेल्या पुस्तकांची नोंदवहीही मागावी.